‘मी तोच का?’ या प्रश्नावर विज्ञानकथा लिहायचीय? मग कामं या क्रमाने करा

ओळख बदलणं, माणसाची प्रत काढणं, आठवणी दुसऱ्या डोक्यात टाकणं, या विषयावरच्या मराठी विज्ञानकथा हल्ली भरपूर लिहिल्या जातात आणि त्यातल्या बऱ्याचशा एकाच जागी आपटतात. पंधरा पानं प्रयोगशाळा, डॉक्टर, हेल्मेट, वायरी, आणि शेवटच्या ओळीत नायकाला कळतं की आपण खरे नाहीच, आपण प्रत आहोत. वाचकाला हे तिसऱ्या पानावरच कळलेलं असतं, तो बिचारा सौजन्य म्हणून शेवटपर्यंत वाचतो.

कल्पना कमी पडत नाहीत, कामांचा क्रम चुकतो. आधी शेवट सुचतो, मग त्या शेवटाकडे नेणारं यंत्र तयार होतं, आणि माणूस सगळ्यात शेवटी येतो. इथे उलटं करायचंय.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच गोष्ट घेतो म्हणजे घोळ नको. पाटणकर भाऊसाहेब, तहसील ऑफिसातले निवृत्त अव्वल कारकून. मेंदूत रक्तस्राव होऊन आयसीयूत बेशुद्ध पडलेत. त्याआधी मुलाच्या हट्टापायी त्यांनी मेंदूची, म्हणजे त्यातल्या सगळ्या आठवणींची, नोंद करून ठेवली होती. ती नोंद त्यांच्याच पेशींपासून वाढवलेल्या नव्या शरीरात उतरवली जाते. म्हणजे आता एक भाऊसाहेब व्हेंटिलेटरवर आणि एक घरी चहा पितायत.

## १. आधी ठरवा: ओळख कशावर टांगलीय?

कागद घ्या आणि चार शब्द लिहा. शरीर, आठवण, माणसं, कागदपत्र. तुमच्या कथेतला माणूस ‘तोच’ आहे हे यातल्या कशावरून ठरतं ते प्रत्येकासमोर एका ओळीत लिहा. चारही उत्तरं एकच आली तर कथा नाही, कारण भांडणच नाही. दोन उत्तरं एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला पडली की काम सुरू झालं समजा.

भाऊसाहेबांचं बघा. शरीर म्हणाल तर आयसीयूतला खरा. आठवणी घरच्याकडे. बायको कोणाकडे जाईल ते ठरायचंय. कागद तर दोघांनाही पुरता लागू नाही.

आठवण या गोष्टीवर फार विसंबू नका, कारण तिच्यातली खोच जुनी आहे. तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९४ मध्ये म्हटलं की राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात गेली तर तो माणूस राजपुत्रच. ऐकायला छान वाटतं. पण १७८५ मध्ये थॉमस रीड या दुसऱ्या तत्त्वज्ञाने त्यात पाचर मारली. एका सेनापतीला तरुणपणी लढाईत जिंकलेला झेंडा आठवतो, त्या तरुणाला लहानपणी खाल्लेला मार आठवत होता, पण सेनापती झाल्यावर तो मार साफ विसरलाय. मग सेनापती आणि तो पोरगा एकच माणूस की नाही? आठवण हीच कसोटी धरली तर एकच आहे आणि नाहीही. तुमच्या कथेतल्या पात्राने ‘मला सगळं आठवतं म्हणजे मीच तो’ असं म्हटलं की समोरच्या पात्राने हीच पाचर मारायला हवी, अर्थात रीडचं नाव न घेता.

तपासा: चारपैकी एक ओळ पुसून बघा. कथेत काहीच फरक पडला नाही तर ती ओळ नुसती सजावट होती.

## २. कोण विचारतंय आणि त्याचं काय अडलंय?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि कथा तिथेच मरते. ‘मी कोण?’ असं आरशासमोर उभं राहून कोणी विचारत नाही हो, निदान दोन पानं तरी नाही. हा प्रश्न दुसरं कोणीतरी विचारतं, आणि विचारतं कारण त्याचं काहीतरी अडलेलं असतं. बँकेचं, सासरच्यांचं, भाडेकरूचं, पोलिसांचं.

भाऊसाहेबांसाठी नोव्हेंबर महिना निवडा. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, बँकेत जाऊन यादीत आपल्या नावासमोर सही करायची. घरचे भाऊसाहेब रांगेत उभे राहतात, नंबर येतो, ते सही करतात. वळण तेच, ‘पा’चा काना तसाच खाली ओढलेला, पण हात नवा आहे, त्या बोटांनी आयुष्यात कधी पेन धरलेलं नाही, त्यामुळे शेवटची रेघ चौकटीबाहेर जाते. काउंटरवरची मुलगी नमुना सही बघते, मान वर करून यांच्याकडे बघते, परत सही बघते. ‘आजोबा, अंगठा द्या.’

अंगठा जुळत नाही. डोळ्याचं बुबुळही जुळत नाही. आणि ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना ‘अजून एक कागद लागेल’ असं सांगितलं तो आता काउंटरच्या अलीकडच्या बाजूला उभा आहे.

एवढ्या प्रसंगात तुमचा सगळा तात्त्विक प्रश्न येऊन गेला, आणि कोणी ‘अस्तित्व’ हा शब्दही उच्चारला नाही.

सावधान: अडलेली गोष्ट छोटी चालेल, पण ती तारखेला बांधलेली हवी. ‘समाजाने मला स्वीकारावं’ ही मागणी नाही. ‘३० तारखेच्या आत सही जुळायला हवी’ ही मागणी आहे.

## ३. यंत्राचे नियम लिहून काढा

कथेत यंत्राला दोन परिच्छेदांपेक्षा जास्त जागा देऊ नका, पण वहीत त्याचे नियम पूर्ण लिहा. चार प्रश्न पुरतात. प्रत काढल्यावर मूळ उरतं का? नोंद नेमक्या कोणत्या दिवसाची आहे? मूळ आणि प्रत किती काळ एकत्र जगतात? नक्कल करताना काय निसटतं?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर कथेचा स्वभाव ठरतो. मूळ नष्ट होत असेल तर प्रश्न निघतो की हा प्रवास होता की मरण. मूळ उरत असेल तर दोघं एकाच बायकोचे नवरे. तत्त्वज्ञ डेरेक पारफिटने १९८४ च्या पुस्तकात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मांडलेत. आधी पृथ्वीवरचं शरीर नष्ट करून मंगळावर नवं तयार करणारं यंत्र, मग तेच यंत्र सुधारलेलं, जे पृथ्वीवरच्या माणसाला जिवंत ठेवतं आणि वर त्याला सांगतं की तुझं हृदय आता थोड्याच दिवसांचं सोबती आहे. दुसरा प्रकार जास्त बोचतो. जेम्स पॅट्रिक केलीची १९९५ ची एक कथा याच बोचऱ्या जागी उभी आहे, तिथे दूरच्या ग्रहावर प्रत पोचली की इकडच्या मूळ माणसाला संपवायचं असा नियमच असतो, आणि एकदा पोचल्याची खात्री व्हायला उशीर होतो. बस, तेवढ्या उशिरावर अख्खी कथा.

आता विज्ञानाच्या चुका, ज्या वाचक लगेच पकडतात:

क्लोन म्हणजे प्रत नव्हे. क्लोन केलेली डॉली मेंढी १९९६ मध्ये जन्मली ती कोकरू म्हणून जन्मली, ज्या मेंढीच्या पेशीपासून ती बनली तिच्या वयाची होऊन बाहेर आली नाही. टेक्सासात २००१ च्या अखेरीस जन्मलेली पहिली क्लोन मांजर तर दिसायलाही मूळ मांजरीसारखी नव्हती, मूळ तिरंगी आणि ही करडी-पांढरी पट्ट्यांची, कारण रंगाची जनुकं कोणत्या पेशीत चालू आणि कोणत्या पेशीत बंद राहतात ते गर्भातच नशिबाने ठरतं. तेव्हा क्लोन करून त्याला लगेच आठवणी असल्याचं दाखवू नका. शरीर वेगळ्या मार्गाने आणि नोंद वेगळ्या मार्गाने आली पाहिजे.

बोटांचे ठसे डीएनएत छापलेले नसतात. एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात, बुबुळाची नक्षीही वेगळी. म्हणूनच वरच्या प्रसंगात डीएनए जुळेल आणि आधारचा अंगठा जुळणार नाही. ही अडचण नाही, फुकट मिळालेलं कथानक आहे.

‘दर सात वर्षांनी शरीरातल्या सगळ्या पेशी बदलतात’ हे वाक्य दिसलं की खोडा. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवसांत बदलतात हे खरं, पण मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशी जवळपास सगळ्या जन्मापासूनच्याच असतात.

मेंदूची नोंद पाच मिनिटांत होत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. फळमाशीच्या पूर्ण मेंदूचा नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पेशी होत्या १ लाख ४० हजारांच्या आसपास, आणि त्यासाठी मोठ्या टीमला कित्येक वर्षं लागली. तुमच्या कथेत तंत्रज्ञान पुढे गेलेलं असेल तर असू दे, पण माणसाला तीन आठवडे दवाखान्यात फेऱ्या मारायला लावा. फेऱ्यांनी विश्वास बसतो, हेल्मेटने बसत नाही.

## ४. आठवणींची वही

मला विचाराल तर सगळ्या लेखात हीच पायरी महत्त्वाची, बाकी एक वेळ चुकली तरी निभावेल. वहीच्या पानावर उभी रेघ मारा. रेघेवर नोंदीची तारीख. डावीकडे त्याआधीच्या दहा गोष्टी ज्या दोघांनाही ठाऊक. उजवीकडे त्यानंतर आणि आजारपणाच्या आधी घडलेल्या गोष्टी, ज्या फक्त आयसीयूतल्या माणसाला ठाऊक आणि तो बोलू शकत नाही.

ही उजवी बाजू म्हणजे तुमची खरी कथा. समजा नोंद मार्चमधली आणि रक्तस्राव ऑगस्टमध्ये. मधल्या पाच महिन्यांत भाऊसाहेबांनी धाकट्या भावाशी वीस वर्षांचं जमिनीचं भांडण मिटवलं, बांधावर उभं राहून दोघं रडले. घरच्या भाऊसाहेबांना हे माहीतच नाही. भाऊ पेढे घेऊन भेटायला येतो आणि हे दारातच त्याला सातबारा सुनावतात.

इथे खोटा कोण? नवा माणूस खोटं बोलत नाहीये, तो मार्चमधला प्रामाणिक माणूस आहे. आणि भावाला मात्र समेट केलेला माणूस हवाय, जो नळ्या लावून पडलाय.

डावी बाजूही अगदी स्वच्छ ठेवू नका. तिथल्या दहापैकी दोन गोष्टी बायकोला वेगळ्या आठवल्या पाहिजेत. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोच्या आठवणी जशाच्या तशा जुळत नसतातच, पण आता मात्र प्रत्येक न जुळणारी गोष्ट पुरावा वाटायला लागते. ‘आपण महाबळेश्वरला गेलो तेव्हा नितीन झाला होता.’ ‘नव्हता हो.’ आधी असं झालं असतं तर ती हसून सोडून देती.

तपासा: उजव्या बाजूला किमान एक गोष्ट अशी हवी की जी कळल्यावर प्रतीने वेगळा निर्णय घेतला असता. नुसत्या ‘तुला तो सिनेमा आठवत नाही?’ छाप गोष्टींनी काही होत नाही.

## ५. कोण सांगतंय?

तीन वाटा आहेत, प्रत्येकीची किंमत वेगळी.

प्रत स्वतः सांगते. फायदा म्हणजे वाचक तिच्या बाजूने होतो, कारण आतून सगळं अगदी ‘मी’सारखंच वाटतं. तोटा, तिला कळत नाही ते वाचकाला कळवायला कष्ट पडतात.

जवळचं माणूस सांगतं. स्टॅनिस्लाव लेमच्या १९६१ च्या ‘सोलारिस’मध्ये मेलेली बायको अंतराळस्थानकात नवऱ्यासमोर येऊन बसते, ती त्याच्या आठवणीतून तयार झालीय. कपडे बदलायची वेळ येते तेव्हा कळतं की तिच्या झग्याची बटणं नुसती शोभेची आहेत, तो उघडतच नाही, कापावा लागतो. आठवणीत झगा दिसत होता, त्याचं बक्कल कुठे होतं ते आठवत नव्हतं! असा एक तपशील तुमच्या कथेत असला तर पानभर स्पष्टीकरण वाचतं. आणि तो जवळच्या माणसाच्याच हाताला लागू शकतो.

तिसरी वाट, त्रयस्थ. तपास अधिकारी, वकील, बँकेतली ती मुलगी. ॲल्गिस बड्रिसच्या १९५८ च्या कादंबरीत सोव्हिएत हद्दीतून परत आलेल्या शास्त्रज्ञाचं डोकं धातूचं झालंय आणि तो तोच का, हे ठरवायची नोकरी एका अधिकाऱ्याच्या गळ्यात पडते. एका कसोटीत पास झाला की त्या कसोटीवरच शंका. त्रयस्थाने सांगितलं की कथा तपासकथेसारखी पळते पण कोरडी पडायची भीती असते.

मराठीतली एक खास अडचण. ‘मी’ने सुरुवात केली की बहुतेक वेळा पहिल्याच क्रियापदात बोलणारा पुरुष की बाई ते उघड होतं. बाईचं मन पुरुषाच्या देहात गेलं असेल तर ती ‘मी उठले’ म्हणणार की ‘मी उठलो’, हे पहिलं वाक्य लिहायच्या आधी ठरवा आणि कुठे बदलणार असेल तर नेमक्या कोणत्या प्रसंगात ते वहीत लिहून ठेवा. मध्येच कुठेतरी नकळत बदललं तर वाचक मुद्रितशोधकाला शिव्या घालतो.

## ६. प्रसंगांचा क्रम

आता ते शेवटच्या ओळीचं. ‘हा खरा नाही’ ही बातमी कथेच्या पहिल्या चतुर्थांशात द्या, जमलं तर पहिल्या परिच्छेदात. ग्रेग ईगनच्या १९९० च्या एका कथेत निवेदक पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो की माझ्या कवटीत एक छोटा मणी आहे आणि तो ‘मी’ व्हायला शिकतोय. पत्ते उघडे, तरी शेवटपर्यंत पोटात गोळा. आपल्याकडचं बघा, अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये लखोबाच सगळी सोंगं करतोय हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं, आणि कोर्टात तो कसा निसटतो हेच बघायला लोक तिकीट काढायचे. ती विज्ञानकथा नाही, पण क्रम तिच्याकडून उचलण्यासारखा आहे.

बातमी दिल्यावर कसोट्या लावा, सोप्यापासून अवघडाकडे. आधी यंत्र आणि कागद, मग शेजारी-ओळखीचे, मग सवयी, मग रक्ताची माणसं, आणि सगळ्यात शेवटी तो स्वतः. उलट क्रम लावू नका. बायकोने नाकारल्यानंतर बँकेने नाकारलं तर कोणाला काय पडलंय?

प्रत्येक कसोटीने आधीचा निकाल फिरवायला हवा. बँक म्हणते नाही, डीएनए म्हणतो हो, भाऊ म्हणतो नाही, कुत्रा म्हणतो... बरं, कुत्रा नकोच, तो कुत्रा प्रत्येक कथेत आधीच येऊन बसलेला असतो.

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये नायक अशा जगात पोचतो जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. इतिहासाचा सगळा उलटफेर बाजूला ठेवा आणि फक्त एवढंच बघा की तो मुंबईत मुलाच्या ऑफिसात जाऊन चौकशी करतो आणि त्या नावाचं तिथे कोणी नाही असं उत्तर मिळतं. जग बदललंय हे लढाईच्या तपशिलाने कळतं, पण पायाखालची जमीन त्या उत्तराने सरकते. कसोटी म्हणतो ती अशी, एका वाक्याची, रिसेप्शनवरची.

## ७. बोलणं आणि हाका

दोन भाऊसाहेबांना कथेत काय म्हणायचं? ‘मूळ भाऊसाहेब’ आणि ‘प्रत भाऊसाहेब’ लिहिलंत की निकाल तुम्हीच लावून टाकलात. जागेवरून नाव द्या. ‘घरचे’ आणि ‘दवाखान्यातले’. निवेदकाने कधीच पक्ष घेऊ नये.

बायको काय हाक मारते याचा आलेख वेगळा काढा. मालतीबाई चाळीस वर्षं ‘अहो’ म्हणतायत. घरच्या माणसाला पहिल्या आठवड्यात त्या हाकच मारत नाहीत, नुसतं ‘चहा ठेवलाय’ असं भिंतीकडे बघून बोलतात. कधीतरी गॅसवर दूध उतू जातं आणि तोंडातून ‘अहो’ निघतं. ही त्या कथेतली सगळ्यात मोठी घटना असेल, तेव्हा ती एका ओळीत संपवा. आणि मुलगा? बाप बेशुद्ध असताना दुसऱ्याला ‘बाबा’ म्हणेल? सून पटकन म्हणेल, तिला तेवढं जड जात नाही.

सावधान: दोन प्रती समोरासमोर आणून त्यांना तत्त्वज्ञानावर वाद घालायला लावू नका. माणूस स्वतःलाच भेटला तर पहिल्यांदा बहुतेक लाजेल, नाहीतर पैशांचं विचारेल.

## ८. शेवट

‘खरा कोण’ याचं उत्तर द्यायची गरज नाही, पण निर्णय मात्र झाला पाहिजे आणि त्याची किंमत कोणीतरी मोजली पाहिजे. उत्तर आणि निर्णय यांची गल्लत होते आणि मग ‘वाचकांवर सोडलंय’ नावाचा लंगडा शेवट येतो.

भाऊसाहेबांच्या कथेत निर्णयाची जागा आपोआप तयार झालीय. घरच्याला भाऊसाहेब मानलं तर दवाखान्यातला माणूस कोण, त्याचा व्हेंटिलेटर काढायच्या कागदावर सही कोणाची? रुग्णाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणून उद्या घरचे भाऊसाहेबच फॉर्म भरायला बसले तर ‘नाते’ या रकान्यात काय लिहितील? मी लिहीत असतो तर त्यांना तो फॉर्म कारकुनाच्या नजरेने वाचायला लावला असता, चुका काढायला लावल्या असत्या, आणि सहीच्या चौकटीत यावेळी रेघ बाहेर गेली की नाही तेवढंच दाखवलं असतं.

यंत्र बिघडलं, लाइट गेली, सगळं स्वप्न होतं, प्रयोगशाळेला आग लागली, हे चार शेवट बाद.

## ९. पाठवायच्या आधी

मजकूर चार दिवस बाजूला ठेवा, मग फक्त या गोष्टी बघा.

‘अस्तित्व’, ‘जाणीव’, ‘आत्मा’, ‘स्व’ हे शब्द शोधून काढा आणि पात्रांच्या तोंडातले निम्मे तरी उडवा.

वहीतली उभी रेघ घेऊन प्रतीचं प्रत्येक वाक्य तपासा. नोंदीनंतरची एखादी गोष्ट तिच्या बोलण्यात आलीय का? हमखास एक सापडते, बहुतेक नातवाच्या बाबतीत किंवा मोबाइलच्या पासवर्डच्या बाबतीत.

विज्ञानकथा न वाचणाऱ्या एका माणसाला वाचायला द्या आणि ‘आवडली का’ असं न विचारता ‘तुम्ही असता तर पेन्शन कोणाला दिली असती’ असं विचारा. त्याने लगेच आणि ठाम उत्तर दिलं तर सहाव्या पायरीवर परत जा, कसोट्या एकतर्फी झाल्यात. तो ‘थांबा जरा’ म्हणाला तर दिवाळी अंकाला पाठवून द्या, शब्दमर्यादा बघून, युनिकोडमध्ये, आणि सोबतच्या पत्रात कथेचा अर्थ समजावून सांगू नका.